बोंडल्यातलं साखरपाणी

१५ फेब्रुवारी, रविवार

झाली! मुलगी झाली! सकाळी अकरा चाळीसला. दोन किलो नऊशे ग्रॅम, आणि नाक थेट माझ्या आईचं! मोनाली सुखरूप. देवा, तुझे उपकार कसे मानू!

तेलीबांधा तलावाच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहिते आहे. आजची चर्चची उपासना बुडाली. एकतीस वर्षांत आजारपण सोडलं तर पहिल्यांदाच. पण ‘सकाळचं वचन’ नाही बुडवलं! मोनालीला आत नेलं तेव्हा पावणेसहा झाले होते. सहाला मी फोन काढला, गुलाबाच्या चित्रावर वचन टाकलं आणि ग्रुपवर पाठवून दिलं. एकशे बारा बाया आहेत ग्रुपमध्ये, पार नागपूरपर्यंतच्या. सव्वासहापर्यंत चाळीस ‘आमेन’ आले. चार वर्षं झाली, एका दिवसाचा खंड नाही.

हे शेजारून बघत होते. म्हणाले, “तिकडं पोरगी कळा देऊन राहिली, अन् तू गुलाब शोधून राहिली?”

ह्यांना काय कळतं! छत्तीस वर्षं रेल्वेत गार्डाची नोकरी केली, लाल-हिरव्या झेंडीपलीकडे तिसरा रंग माहीत नाही.

आजी झाले मी! आजी! दोनदा लिहून बघितलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

घरी आलो. शंकर नगरातलं आमचं एवढंसं घर, पण आज नुसतं गजबजलंय. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे मी मोनालीच्या लग्नातच सांगून ठेवलं होतं. पराग बिलासपूरला, नोकरीतून सुट्टी नाही. शनिवार-रविवार येईल. जावई गरीब आहे, बाळाला हातात घेताना श्वास रोखून धरतो.

कपाटाच्या तळातून बोंडलं काढलं. आईचं, चांदीचं. मुठीत मावेल एवढी वाटी, आणि पुढे चिमणीच्या चोचीसारखी तोटी. ह्याच बोंडल्यानं मी प्यायले, मोनाली प्यायली. चिंचेनं घासून लख्ख केलं, उकळून घेतलं. आमच्यात पाचवी-सटवी काही नसतं, पण आजीच्या हातचं खडीसाखरेचं पाणी असतंच. खडीसाखर ह्यांना मुद्दाम पुरानी बस्तीतल्या जुन्या दुकानातून आणायला लावली.

दवाखान्यातून निघताना नर्स म्हणाली होती, “छह महीना सिर्फ माँ का दूध, आंटी. पानी भी नहीं.” म्हणाली खरी. पण पोट्टी बावीस-तेवीस वर्षांची. मी मोनालीला काय हवेवर वाढवलं?

मोनाली आंघोळीला गेली तेव्हा चार थेंब दिले. काय मिटक्या मारल्या! डोळेच मिटून घेतले सुखानं.

आजपासून लेंट, चाळीस दिवसांचे उपास, सुरू. चारपर्यंत उपास धरला. (अकराला चहाबरोबर दोन मारी बिस्किटं. बुडवून खाल्लेली धरत नाहीत.)

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पाळकांचा फोन! ८ मार्चला महिला रविवार, आणि त्या दिवशीचा संदेश मी द्यायचा! मी!!

दर वर्षी कौमुदीबाई—महिला संगतीच्या अध्यक्ष—नागपूरहून कोणी पाहुणी बोलावतात. ती वीस मिनिटं बोलते, आम्ही तिला चिवड्याचा पुडा देऊन गाडीत बसवून देतो, झालं. ह्या वर्षी पाळक म्हणाले, “सुनीतीबाई, तुमचं वचन रोज एवढ्या बाया पाहतात. तुम्हीच बोला.” विषयही त्यांनीच दिला. नुकतं जन्मलेलं बाळ जसं दुधासाठी कासावीस होतं, तशी ओढ आपल्याला देवाच्या वचनाची असावी—ते वचन. घरात चार दिवसांचं बाळ आणि असा विषय! हा योगायोग नाही. मला तर फोन ठेवल्यावर नाचावंसं वाटलं. नाचलेही थोडं, दार लावून.

ह्या हिंदी मुलुखात आमची मराठी मंडळी ती केवढी! सकाळची हिंदी उपासना आटोपली की दुपारी त्याच इमारतीत आम्ही पंचेचाळीस माणसं. तरुण पोरांना मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत देतात, आणि संदेश सुरू झाला की मान मोबाइलमध्ये. बाया संदेशाच्या वेळी घड्याळ बघतात. वचनाची भूक म्हणून कुणाला उरलेली नाही. आता बघाच. मी लावते भूक!

२१ फेब्रुवारी, शनिवार

पहिलं वाक्य सापडलं: “भगिनींनो, तुमची भूक कुठे गेली?” आरशासमोर उभी राहून हात पुढे करून म्हणून पाहिलं. ह्यांनी स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, “भूक इथंच हाय. पोया कुठं हायेत?”

२३ फेब्रुवारी, सोमवार

बाळ मोनालीपाशी नीट पीत नाही. छातीशी धरलं की दोनदा ओठ हलवते आणि तोंड फिरवून झोपते. मोनाली रडकुंडीला आलेली. म्हटलं, “तुले दूधच कमी हाय वं. मेथीचे लाडू खात जा, दोन नाही, चार खा. अळीव खा.” ती म्हणाली, “खा तो रही हूँ, आई. और कितना खाऊँ?”

माझ्याकडे आली की मात्र गप्प! दिवसातून पाच-सहा वेळा मी तिला घेऊन मागच्या खोलीत जाते, दोन-तीन चमचे पाणी बोंडल्यानं, की लगेच शांत. काय जादू आहे माझ्या हातात! मोनालीला सांगत नाही. ती सगळं मोबाइलवर वाचते, उगाच वाद कशाला. तिलाही तेवढीच झोप मिळते.

संदेशाची सात पानं झाली. मुद्दा तिसरा फार सुरेख जमलाय—‘ओढ ही शिकवावी लागत नाही, बाळ ती घेऊनच जन्मतं.’ लिहिलं आणि माझे मलाच डोळे भरून आले.

२५ फेब्रुवारी, बुधवार



मीराबाई आली होती. मागच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, मितानिन. बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करणं, लसीची आठवण देणं, हे तिचं काम. काळी-सावळी, काटक, बोलणं कमी. झोळीच्या काट्यावर बाळाला टांगलं आणि काटा बघतच राहिली. पुन्हा टांगलं.

दोन किलो सहाशे वीस.

“दसवाँ दिन हे,” म्हणाली. “अब तो बढ़ना चाही.”

जन्मली तेव्हा दोन नऊशे! लगेच रिक्षा करून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी उलटसुलट करून तपासलं. दुसरं काही दिसत नाही म्हणाले, पण पोटात दूध जात नाहीये. शनिवारपर्यंत वाट बघू. वजन चढलं नाही तर भरती करावं लागेल, सलाइन, डब्याचं दूध, सगळंच.

येताना रिक्षात मोनालीनं बाळाला घट्ट धरलं होतं. तलावाजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा पुटपुटली, “मुझमें ही कुछ खराबी है.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, “होते असं, कोणाकोणाले दूध कमी असते.”

हे मी म्हटलं. लिहून ठेवते आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मीराबाई न बोलावता पुन्हा आली. म्हणाली, मला बघायचंय बाळ कसं पितं. मोनालीजवळ बसली, उशी कुठे ठेवायची, हात कसा धरायचा, सगळं दाखवलं. दूध होतं! मीराबाईनं दाबून दाखवलं, धार आली! मोनाली त्या धारेकडे बघतच राहिली. पण बाळानं तोंड फिरवलं आणि जांभई दिली.

“ऊपर से कुछ देती हो? पानी, शक्कर, घुट्टी?”

“कुछ नहीं, दीदी,” मोनाली म्हणाली. “सच में कुछ नहीं.”

मी दारात उभी होते.

मीराबाई हात धुवायला मागच्या खोलीतून गेली. तिथे खिडकीच्या कठड्यावरून मुंग्यांची रांग लागली होती, भिंतीवरून खाली, कपाटामागे. तिनं रांगेवर बोट ठेवून हळूच विचारलं, “ए चांटी मन कहाँ जात हें, दाई?”

कपाटामागच्या फळीवर बोंडलं होतं. घाईत सकाळी धुवायचं राहिलं होतं.

तिनं ते पाहिलं. उचललं नाही, ओरडली नाही. फाटकापर्यंत मी तिला सोडायला गेले तेव्हा म्हणाली, “लइका के पेट भरे हे, त काबर पीही?” पोट भरलेलं लेकरू कशाला दूध ओढील! मग म्हणाली, “भूख ल झन मार, दाई. भूख रही, त अपने खोज लिही.” भूक मारू नको, भूक राहिली तर ती आपली आपण शोधून काढील. आणि चप्पल घालता घालता, “तैं बताबे, के मैं बतावँव?”

“मीच सांगते,” म्हटलं मी.

संध्याकाळ झाली. सांगितलं नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

सकाळी नऊला, मोनाली लाडू खात होती तेव्हा. बोंडलं तिच्यासमोर ठेवलं आणि सांगून टाकलं. रोज पाच-सहा वेळा. घरी आलो त्या दिवसापासून. कालपर्यंत.

वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. हातातला लाडू तिनं ताटात ठेवला आणि विचारलं, “अन् तू मले लाडू खाऊ घालत होती?”

मोनाली माझ्याशी मराठीत बोलते ती फक्त फार लागलं की.

“दस दिन, आई. दस दिन मैं बाथरूम में जाकर रोती थी. तुझको मालूम था ना?”

मालूम होतं. आवाज यायचा मला. आणि तेवढ्यात बाळ शांत राहावं म्हणून मी बोंडलं भरायची. माझं प्रेमच होतं ते, त्यात खोट नव्हती. पण माझ्या नातीची भूक मी रोज सहा वेळा मारत होते आणि माझ्या लेकीला तिच्या दुधावरून बोल लावत होते. देवा, मला क्षमा कर. तिनं केली नाही अजून, आणि का करावी!

मोनालीनं बोंडलं उचललं आणि बाबांना हाक मारली. ह्यांची गार्डाची जुनी लोखंडी पेटी आहे, निवृत्त झाले तरी कुलूप लावून ठेवतात. बोंडलं त्यात गेलं. किल्ली ह्यांच्या खिशात.

साडेदहाला बाळ रडायला लागलं. असं रडणं मी ह्या दहा दिवसांत ऐकलंच नव्हतं. ऐकूच दिलं नव्हतं ना! मोनाली पदराखाली घेई, बाळ तोंड फिरवी, पुन्हा किंचाळे. अकरा वाजले. मी दोनदा उठले, दोनदा बसले. तिसऱ्यांदा माझा हात आपोआप खडीसाखरेच्या बरणीकडे गेला. मोनालीनं बघितलं. “आई, तू बाहर जा. दूर जा.”

गेले. उन्हात तेलीबांध्यापर्यंत पायी गेले, तलावाला एक फेरी मारली. प्रार्थना म्हणून काही सुचेना. ‘भूक लागू दे, भूक लागू दे,’ एवढंच पुटपुटत होते. आरोग्य माग, शांती माग, पैसा माग, हे सगळं केलंय आयुष्यात. कुणासाठी भूक मागायची वेळ पहिल्यांदाच आली.

साडेबाराला परत आले तर घर सामसूम. आत डोकावले. मोनाली भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले, गालांवर पाणी. आणि आवाज येत होता—गुटुक, गुटुक, गुटुक! बाळानं दोन्ही मुठी आवळल्या होत्या आणि कानशिलं हलत होती. कपाळावर घामाचे थेंब! इतकी मेहनत करून पीत होती माझी पोर!

मी चौकटीला धरून उभी राहिले. मोनालीनं डोळे उघडून पाहिलं, बोटानं ‘गप्प’ म्हणून खूण केली. आणि हसली! माझ्याकडे बघून नाही, बाळाकडे. पण हसली!

२८ फेब्रुवारी, शनिवार

दोन किलो सहाशे चाळीस! वीस ग्रॅम! वीस ग्रॅम!! डॉक्टर म्हणाले भरतीची गरज नाही, असंच चालू द्या. लंगोट तर विचारूच नका, दोरी भरली! मी दोरीवर मोजले, नऊ. गार्डसाहेबांनी पेढे आणले. परागनं फोनवर ‘थँक यू आई’ म्हटलं. त्याला मोनालीनं काही सांगितलेलं दिसत नाही. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

१ मार्च, रविवार

आज सकाळी गंमत झाली. गंमत कसली, डोळे उघडले!

नेहमीप्रमाणे सहाला फोन घेऊन बसले. लिलीच्या फुलांचं चित्र निवडलं. मग वचन शोधायला लागले. माझी पद्धत अशी, की दोन ओळींचं घ्यायचं. त्याहून लांब चित्रावर मावत नाही. आणि गोड घ्यायचं. धाक असलेलं, पश्चात्तापाचं, प्रश्न विचारणारं नको. एकदा तसं टाकलं होतं तर नऊच ‘आमेन’ आले होते. तर मी असं एक दोन ओळींचं, गोड, छोटंसं शोधलं, फुलावर बसवलं, पाठवायला अंगठा उचलला—आणि तसाच राहिला.

बोंडलं!

हे माझं बोंडलंच की! चार वर्षं रोज सकाळी सहाला एकशे बारा बायांच्या तोंडात मी साखरपाण्याचे दोन थेंब घालते आहे. बाया चाटतात, ‘आमेन’ म्हणतात, पोट भरल्यासारखं होतं आणि पवित्र शास्त्र, बायबल, कपाटावर राहतं. मग मीच विचारते, भगिनींनो तुमची भूक कुठे गेली!

आणि मी? एकटी आहे तर खरं लिहिते. मी शास्त्र उघडते ती उद्याचं वचन शोधायला. पाठवण्यासाठी नाही, शिकवण्यासाठी नाही, नुसतं माझं म्हणून शेवटचं कधी वाचलं? आठवत नाही. दहा मिनिटांत पायाला मुंग्या येतात, मग चष्मा पुसते, मग चहा ठेवते. भुकेवर मी अकरा पानं लिहिली, आणि ती लिहिताना मला एकदाही भूक लागली नव्हती. लाज वाटली. फार लाज वाटली.

पण आनंदही किती झालाय! रोग सापडला ना! तापाचं कारण कळलं की अर्धा ताप तिथेच उतरतो.

लिली पाठवली नाही.

३ मार्च, मंगळवार

तीन दिवस ‘सकाळचं वचन’ नाही. कुणी विचारलंही नाही. एकशे बारातली एकही नाही!

५ मार्च, गुरुवार

कौमुदीबाईंचा फोन. माझा जीव सुपाएवढा झाला, म्हटलं आठवण आली! तर म्हणतात, “सुनीती, रविवारी पांढरीच साडी नेसशील, सगळ्या पांढऱ्या नेसून राहिल्या.” मी मुद्दाम विचारलं, “ग्रुपवर काही चुकल्यासारखं वाटलं का हो?” “काहून? काय झालं?”



मोनालीजवळ बसून बोंडलं मागितलं. म्हणजे पेटीतून काढायची परवानगी मागितली, रविवारच्या संदेशासाठी. ती बाळाला ढेकर काढायला खांद्यावर थोपटत होती. ढेकर आला. मग म्हणाली, “ले जा. पर सच बोलना. पूरा.”

८ मार्च, रविवार

पाय दुखतात, घसा बसलाय, पण आज लिहिल्याशिवाय राहवणारच नाही!

बारा पानं पर्समध्येच राहिली. वर गेले, वाचपीठावर बोंडलं ठेवलं. उन्हाची तिरीप नेमकी त्यावर आली, चांदी चमकली. पुढच्या बाया कुजबुजल्या, किती छान, किती छान. मोनाली शेवटच्या बाकावर, बाळ पदराखाली. हे तिच्याशेजारी, हाताची घडी घालून, गाडी सुटायची वाट बघत असल्यासारखे.

मी म्हटलं, “ह्या बोंडल्यानं मी माझ्या नातीला दहा दिवस उपाशी ठेवलं. आणि आपण उपाशी आहोत, हे तिला कळूही दिलं नाही.”

मग सगळं सांगितलं. साखरपाणी, लाडू, बाथरूममधलं रडणं, मुंग्या, मीराबाईचं बोलणं. मीराबाई आपल्या मंडळीतली नाही, पण ह्या विषयावर मला कळलं ते तिच्याकडूनच, हेही सांगितलं. बाळ किंचाळलं ते सांगितलं आणि प्यायलं ते सांगितलं. मग म्हटलं, “तुमच्यासोबतही चार वर्षं मी हेच केलं. ‘सकाळचं वचन’ आठ दिवस बंद आहे. किती जणींच्या लक्षात आलं?”

कुणी हात वर केला नाही. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

“आता ते बंदच. भूक कोणाला लावता येत नाही. मी निघाले होते लावायला! ती मारायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे.”

मागून वनमालाआजींचा आवाज आला. ऐंशीच्या आहेत, त्यांना उपासनेत बोलू नये वगैरे काही वाटत नाही. “मंग आता आमी सकाळी काय पाहाचं वं?”

“घरी शास्त्र हाय ना, आजी?”

“हाय की. कपाटावर हाय.”

सगळी मंडळी हसली! पाळकसुद्धा! आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. हसतही होते मी.

शेवटी सांगितलं, बुधवारी चार वाजता माझ्या घरी दार उघडं असेल. ज्याला खरंच वाचावंसं वाटेल त्यानं आपलं शास्त्र घेऊन यावं. मी फोन करणार नाही, आठवण देणार नाही, संदेश नाही. किती जणी याल? अकरा हात! मोजले मी, अकरा!

संदेश सगळा मिळून सात मिनिटांचा झाला, म्हणून पाळकांना दोन गाणी जास्त घ्यावी लागली. कौमुदीबाई बाहेर म्हणाल्या, “महिला रविवारी असं घरातलं चव्हाट्यावर आणतात का!” आणतात, कौमुदीबाई.

घरी आल्यावर मोनालीनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. स्वतःहून, दहा दिवसांत पहिल्यांदा. “पकड़, मैं नहा के आती हूँ.” आणि दारातून वळून, “किल्ली मात्र बाबांजवळच राहील हं.”

मराठीत म्हणाली! पण ह्या वेळी हसून.

१० मार्च, मंगळवार

दोन किलो नऊशे तीस! जन्माच्या वर गेलो! मीराबाईनं काटा मला दाखवला, मी तिला मिठीच मारली. ती बावरली, मग “हव, हव, दाई” म्हणत हसली.

उद्याची सगळी तयारी झाली. शेजारून खुर्च्या आणल्या, घरातल्या धरून बारा. चिवडा केला, परातभर. मुलांनी यायचं ठरवलं तर म्हणून दोन हिंदी शास्त्रंही मागून आणली. ग्रुपवर ‘उद्या चार वाजता’ एवढं टाकायला तीनदा हात शिवशिवला. फोन ह्यांच्याकडे देऊन टाकला. म्हटलं, गार्डाच्या पेटीत ठेवा, बोंडल्याशेजारी.

हे म्हणाले, “बारा खुर्च्या? येतीन का कोणी?”

“अकरा हात होते!”

“हात वर कराले काय लागते,” म्हणाले, आणि चिवडा चाखला.

झोप येणार नाही बहुतेक. आल्या की कुठून सुरुवात करायची ते अजून ठरवलेलं नाही. मुद्दे काढायचे नाहीत, असं स्वतःला बजावलंय. जिथे उघडेल तिथून.

११ मार्च, बुधवार

कोणीच आलं नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा सव्वासहा वाजले होते. मांडीवरच्या शास्त्राच्या पानावरची अक्षरं अंधारानं दिसेनाशी झाली, म्हणून मान वर केली, तर अकरा खुर्च्या रिकाम्या, आणि ह्यांनी साडेचारला आणून ठेवलेल्या चहावर साय धरलेली.

दिवा लावलाय. पुरे हे लिहिणं. अजून वाचायचंय!